रस्ता नसलेल्या वाटेवरचं पेट्रोल

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तरेकडचं तळ्यांचं आणि बर्फाचं राज्य. तिथल्या इंधन कराच्या कायद्यात एक कलम आहे. राज्यात येणाऱ्या सगळ्या पेट्रोलपैकी अंदाजे दीड टक्का पेट्रोल बोटींमध्ये जळतं, असं ते कलम सांगतं. एक टक्का स्नोमोबाइलमध्ये, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या पट्ट्याच्या गाड्यांमध्ये. ०.२७ टक्के एटीव्हीमध्ये, म्हणजे फुगीर चाकांच्या, उघड्या, चारचाकी गाड्यांमध्ये. रानात चालवल्या जाणाऱ्या जीपगाड्यांच्या वर्गात ०.१६४ टक्के. आणि डर्ट बाइकमध्ये ०.०४६ टक्के.

हा शेवटचा आकडा पुन्हा एकदा वाचावा असा आहे. लाख लिटर पेट्रोल राज्यात आलं, तर त्यातलं ४६ लिटर चिखलात उड्या मारणाऱ्या मोटारसायकलींनी जाळलं, असं एका राज्याच्या विधिमंडळाने चर्चा करून, मतदान करून कायद्यात लिहून ठेवलं आहे. दशांश चिन्हानंतर तीन घरं! पेट्रोल पंपावर कुणी विचारत नाही की हे तेल तुम्ही डांबरी रस्त्यावर जाळणार की माळावर. टाकीत गेल्यावर सगळं पेट्रोल सारखंच. मग हा आकडा आला कुठून? आणि तो कायद्यात लिहिण्याइतका महत्त्वाचा का?

या दोन प्रश्नांच्या उत्तरात सार्वजनिक पैशाचा एक विलक्षण प्रवास दडलेला आहे. त्याचं एक टोक एका छोट्या स्टिकरपाशी आहे आणि दुसरं टोक समुद्रकाठच्या एका चिमुकल्या पक्ष्याच्या घरट्यापाशी.

पेट्रोलवर कर लावायची कल्पना शंभराहून थोडी अधिक वर्षं जुनी. १९१९ साली ओरेगन राज्याने गॅलनमागे एक सेंट कर बसवला, आणि दहा वर्षांच्या आत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी तीच वाट धरली. या करामागचं तत्त्व लोकांना चटकन पटणारं होतं. जो जास्त गाडी चालवतो तो रस्ता जास्त झिजवतो. जो रस्ता जास्त झिजवतो तो पेट्रोलही जास्त घेतो. तेव्हा पेट्रोलवर कर घ्या आणि तो पैसा रस्त्यावरच घाला. कर म्हणजे रस्त्याचं भाडं. कित्येक राज्यांनी तर आपल्या राज्यघटनेतच लिहून टाकलं की इंधन कराचा पैसा रस्त्यांखेरीज दुसरीकडे वळवायचा नाही.

पण या नेटक्या तत्त्वातून काहीजण सुटून जात होते. शेतात ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी पेट्रोल विकत घेतो, कर भरतो, पण रस्ता झिजवत नाही. मासेमारीची बोट रस्त्यावर येतच नाही. शेतकऱ्यांना ही गोष्ट लगेच कळली आणि त्यांनी परतावा मागितला. पावत्या जोडून अर्ज केला की भरलेला कर परत मिळू लागला. ते त्यांच्या धंद्याचं गणित होतं, प्रत्येक सेंट मोजण्यासारखा होता.

जे हौसेखातर रानात गाडी नेत होते, त्यांनी मात्र कधी अर्ज केला नाही. रविवारी दोन-तीन गॅलन जाळायचे, त्याचा कर किती आणि त्यासाठी कागद किती! त्यामुळे हा पैसा तिजोरीत येऊन पडला, आणि वर्षानुवर्षं रस्त्यांवर खर्च होत राहिला. एकेकट्याचा पाहिला तर नगण्य, सगळ्यांचा मिळून पाहिला तर प्रचंड. हे कुणीही न मागितलेले परतावे कुणाचे? ज्याने भरले त्याला एकेकट्याने परत देणं शक्य नाही. पण ज्या मातीवर तो गाडी नेतो, त्या मातीच्या देखभालीसाठी ते दिले तर?

इथे नोंदणीचा संबंध येतो. पैसा कुणाचा हे ठरवायचं तर आधी माणसं किती आणि गाड्या किती, हे कळायला हवं. लग्नाच्या पंगतीत भात किती लागला हे आचाऱ्याला पानं मोजून कळतं, तसं इथे गाड्या मोजून पेट्रोल कळतं. नोंदलेल्या गाड्या इतक्या, त्यांच्या मालकांना विचारल्यावर वर्षाला सरासरी इतके तास वापर, तासाला इतकं इंधन. गुणाकार करा, राज्यातल्या एकूण पेट्रोलने भागा, आणि टक्केवारी हाती येते. मिनेसोटाच्या कायद्यातले ते अपूर्णांक म्हणजे अशा गुणाकारांचं फळ. एटीव्हीचा वाटा एके काळी ०.१५ टक्के होता. गाड्या वाढल्या, पुन्हा अभ्यास झाला, आणि तो ०.२७ वर गेला. फरक दिसायला इवलासा, पण अख्ख्या राज्याच्या पेट्रोलवर तो लावला की जंगलवाटांच्या खात्यात कितीतरी भर पडते.

म्हणजे नोंदणी शुल्काकडे नुसतं शुल्क म्हणून पाहिलं तर त्यातली अर्धीच गंमत कळते. शुल्काचे जे डॉलर जमतात ते जमतातच. पण प्रत्येक नोंदणीबरोबर आणखी एक गोष्ट घडते. आधीच भरल्या गेलेल्या इंधन करावर रानातल्या गाड्यांचा दावा थोडा पक्का होतो. गाडीवर लागणारा नोंदणीचा स्टिकर ही पावती असते, आणि त्याच वेळी शिरगणतीही.

हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर आणि सगळ्यात वादळी रीतीने जिथे घडलं ते राज्य कॅलिफोर्निया.

साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या वाळवंटात आणि डोंगरउतारांवर मोटारसायकली आणि जीपगाड्यांची नुसती झुंबड उडाली होती. मोहावे वाळवंटात शेकडो मोटारसायकली एका रांगेत उभ्या राहून एकदम सुटायच्या. वाळवंटाची माती दिसते कणखर, पण तिच्या वरच्या थरात सूक्ष्म जीवांनी विणलेलं एक कवच असतं. चाकाखाली ते एकदा तुटलं की भरून यायला अनेक दशकं लागतात. जमीनमालक कुंपणं घालत होते, निसर्गप्रेमी बंदी मागत होते, आणि चालवणारे म्हणत होते, आम्ही जायचं कुठे?

त्या वेळी कॅलिफोर्नियाच्या विधानसभेतले दोन सदस्य एकत्र आले. जीन चॅपी हे सिएरा पर्वताच्या पायथ्याकडचे रिपब्लिकन. एडविन झेडबर्ग हे सॅक्रामेंटोचे डेमोक्रॅट, पर्यावरणाचे खंदे पुरस्कर्ते. दोघांची राजकीय कुळं वेगळी, पण १९७१ साली दोघांच्या नावाने एक कायदा झाला. त्याचा गाभा साधा आहे: या गाड्या बंदीने संपणार नाहीत, आणि मोकाट सोडल्या तर जमीन संपेल. तेव्हा त्यांची नोंदणी करा, शुल्क घ्या, त्यांच्याच पेट्रोलचा कर त्यांच्या खात्यात घाला, आणि त्या पैशातून त्यांना जागा द्या, त्या जागेवर पहारा ठेवा, झालेली जखम भरा. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्राच्या जमिनींवर अशा गाड्यांना शिस्त लावण्याचा आदेश काढला. राज्य त्याआधीच कामाला लागलं होतं.

अशा रीतीने ग्रीन स्टिकर आला. रस्त्यावर चालवण्याची परवानगी नसलेल्या प्रत्येक डर्ट बाइकला, एटीव्हीला, बग्गीला तो लावावा लागतो. शुल्क सुरुवातीला दोन वर्षांना १५ डॉलर होतं. २००७ च्या कायद्याने ते वाढून ५० डॉलरच्या आसपास गेलं. पुढे जास्त धूर ओकणाऱ्या नव्या गाड्यांना वेगळा लाल स्टिकर आला. लाल स्टिकरवाल्यांना हवा खराब असणाऱ्या भागांत ठरावीक महिन्यांतच गाडी काढता येई. नंतर ती सवलतही थांबली. २०२२ पासूनच्या मॉडेलना लाल स्टिकर मिळतच नाही. गाडीवरच्या एका रंगीत चौकोनात कर, हवा आणि ऋतू अशी तिन्ही खाती मांडलेली होती, हे मला फार सुंदर वाटतं.

त्या शुल्कातले काही डॉलर शहरांकडे आणि काउंटींकडे, म्हणजे जिल्ह्यांकडे, जातात, काही वाहतूक पोलिसांकडे, आणि मोठा भाग एका राखीव न्यासनिधीत. या निधीत सगळ्यात जाड धार इंधन कराची. शुल्क आणि उद्यानांचं प्रवेशमूल्य हे तिच्या पुढे लहान ओहोळ. त्या इंधन करातही ग्रीन स्टिकरवाल्यांबरोबर रस्त्याची नंबरप्लेट असलेल्या, पण शनिवार-रविवारी डोंगरात शिरणाऱ्या चारचाकींचा वाटा धरलेला असतो.

आता हा पैसा जातो कुठे ते पाहू, कारण खरी नवलाई तिथे आहे.

१९७५ मध्ये हॉलिस्टर हिल्स हे अशा गाड्यांसाठीचं राज्याचं पहिलं उद्यान उघडलं. सॅन अँड्रियास हा जगप्रसिद्ध भूभ्रंश त्याच्या पोटातून जातो. पुढे वाळवंटातलं ओकोटियो वेल्स आलं, ८५ हजार एकरांहून मोठं. हंग्री व्हॅली, कार्नेगी, प्रेरी सिटी आली. मोटारसायकलच्या चाकाने उकरलेली डोंगरवाट पहिल्या पावसात ओहोळ होते, दुसऱ्या पावसात घळ होते, आणि मग सगळी माती खालच्या ओढ्यात. म्हणून या उद्यानांत मातीच्या धुपीसाठी मानकं ठरवलेली आहेत, आणि कायदा सांगतो की एखादा भाग त्या मानकाला उतरला नाही तर तो भाग बंद करायचा, सुधारेपर्यंत. पावसाने वाटा भिजल्या की फाटक लागतं. वन्य प्राण्यांच्या अधिवासाचा आराखडा करावा लागतो. मोटारींच्या पैशातून मातीतज्ज्ञांना आणि जीवशास्त्रज्ञांना पगार मिळतो.

उद्यानांच्या बाहेरही हा पैसा अनुदान म्हणून वाटला जातो, आणि त्याची वाटणी कायद्यातच ठरलेली आहे: निम्मा वाटांच्या देखभालीला, २५ टक्के उजाड झालेल्या जमिनीच्या पुनरुज्जीवनाला, २० टक्के पहाऱ्याला आणि कायदा-अंमलबजावणीला, पाच टक्के सुरक्षिततेच्या शिक्षणाला. म्हणजे अनुदानातल्या प्रत्येक चार डॉलरमधला एक डॉलर असा आहे, जो मुळात गाड्या बंद झालेल्या जागी गवत परत उगवावं म्हणून खर्च होतो. शिकारीच्या परवान्यातून जंगल राखणारी व्यवस्था अमेरिकेत जुनी आहे. हे तिचंच यंत्रयुगातलं भावंड म्हणावं लागेल.

सिएरा पर्वतातली रुबिकॉन ट्रेल जीपवाल्यांमध्ये जगप्रसिद्ध आहे. ग्रॅनाइटच्या दगडांतून चढणारी, ३५ किलोमीटरच्या आसपासची वाट. काही ठिकाणी चालणारा माणूस जीपला मागे टाकतो. १९५३ पासून तिथे जीपांची जत्रा भरते. २००९ साली पाणी-नियामक मंडळाने आदेश काढला: वाटेवरून वाहणारी माती आणि माणसांची विष्ठा ओढ्यांत जात आहे, ती थांबवा. हे काम एल्डोराडो काउंटीवर आलं. पूल, मोऱ्या, वळणचर, शौचालयं उभी राहिली. त्यात या निधीच्या अनुदानाचा मोठा हात होता. हे काम शाळेच्या पैशातून करायचं की दवाखान्याच्या पैशातून, असा प्रश्न काउंटीला पडला नाही, कारण त्यासाठी वेगळी पेटी होती. राखीव निधीचा सार्वजनिक तिजोरीवर होणारा हा परिणाम कागदावर कुठे दिसत नाही. जो खर्च सर्वांच्या पैशातून करावा लागला नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

आणि तो पक्षी. प्रशांत महासागराच्या काठावर ओशियानो ड्यून्स नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. कॅलिफोर्नियात आपली गाडी घेऊन थेट समुद्राच्या वाळूवर जाता येईल अशा जागा फारशा उरल्या नाहीत. ही त्यांतली एक. तिथल्या उघड्या वाळूत स्नोई प्लोव्हर घरटं करतो. घरटं म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. मुठीत मावेल एवढा हा पक्षी धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत आहे. दर वर्षी १ मार्च ते ३० सप्टेंबर या विणीच्या काळात किनाऱ्याचा मोठा तुकडा कुंपणाने बंद करतात, आणि देखरेख करणारी माणसं प्रत्येक घरट्याची नोंद ठेवतात. या कुंपणाचा, या माणसांचा पैसा शेवटी येतो कुठून? वाळूवर गाड्या उडवायला आलेल्यांच्या स्टिकरमधून आणि टाकीमधून.

त्याच टेकड्यांवरून वाऱ्याने उडणारी धूळ निपोमो मेसा या वस्तीवर जाते, आणि तिथल्या रहिवाशांचा श्वास त्यात अडकलेला आहे. २०१८ मध्ये स्थानिक हवाप्रदूषण जिल्ह्याशी राज्य उद्यान विभागाचा समझोता झाला: धुळीचं प्रमाण निम्म्यावर आणायचं. मग शेकडो एकरांवर स्थानिक झुडपं लावणं, गवताच्या पेंढ्या पसरणं, वाऱ्याला अडवणारी कुंपणं उभारणं सुरू झालं. २०२१ च्या मार्चमध्ये राज्याच्या किनारा आयोगाने तर तीन वर्षांत तिथल्या डर्ट बाइक, एटीव्हीसारख्या रानगाड्या बंद करण्याचा ठराव केला. २०२३ मध्ये न्यायालयाने तो आयोगाच्या अधिकाराबाहेरचा ठरवला. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या जागी खरी आहेत. मला मात्र वाटतं की श्वासाचा प्रश्न आला की कुठलाही निधी, कितीही काटेकोर वाटणीचा असला तरी, पुरेसं उत्तर होत नाही. खोकणाऱ्या मुलाला तुमच्या खात्यात पुनरुज्जीवनासाठी २५ टक्के आहेत हे सांगून भागत नाही.

आता तिजोरीच्या भिंतीकडे येऊ. तिच्यातली फट ज्याने शोधून काढली असेल त्या कारकुनाच्या नजरेला दाद द्यावी लागेल.

वर म्हटलं तसं, कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतही इंधन कराला कुंपण आहे, एकोणिसाव्या अनुच्छेदात. पण त्याचे शब्द नीट वाचा. ते कुंपण सार्वजनिक रस्त्यांवर चालणाऱ्या वाहनांच्या इंधनावरच्या कराभोवती आहे. डर्ट बाइक सार्वजनिक रस्त्यावर चालतच नाही! म्हणजे ज्या कारणाने हा पैसा रस्त्यांच्या खात्यातून वेगळा निघाला, त्याच कारणाने तो घटनेच्या संरक्षणाबाहेर पडला. त्याच्याभोवती उरलं फक्त साध्या कायद्याचं कुंपण, आणि साधा कायदा विधिमंडळ साध्या बहुमताने बदलू शकतं.

२००८ नंतरची मंदी आली, राज्याची तिजोरी कोरडी पडली, आणि सगळ्यांच्या नजरा राखीव निधींकडे वळल्या. या निधीतून नऊ कोटी डॉलर सर्वसाधारण निधीला कर्जाऊ गेले. पुढे कायद्यात एक वाक्य आलं: इंधन कराचा हप्ता या निधीत जमा करण्यापूर्वी दर महिन्याला ८ लाख ३३ हजार डॉलर काढून सर्वसाधारण निधीत टाकावेत. बारा महिन्यांचे होतात जवळपास एक कोटी डॉलर. त्या पैशातून शाळा चालल्या असतील, तुरुंग चालले असतील, कर्जाचं व्याज गेलं असेल; सर्वसाधारण निधीत पडलेल्या डॉलरला नाव राहत नाही.

याच्या नेमकी उलटी गोष्ट टेस्लाची. इथे मोटार कंपनीचा संबंध नाही. लिव्हरमोर गावाच्या पूर्वेला टेस्ला नावाचं कोळसाखाणीचं गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसलं होतं, पुढे ओसाड झालं. नव्वदच्या दशकात कार्नेगीच्या उद्यानाला जोडायला राज्याने तिथली सुमारे ३,१०० एकर जमीन या निधीतून विकत घेतली. पण ती जमीन दुर्मीळ वनस्पतींनी, प्राण्यांनी, मूळनिवासींच्या आणि खाणींच्या खुणांनी इतकी भरलेली होती की ती गाड्यांना द्यायला लोक तयार होईनात. दोन दशकं भांडण चाललं. अखेर २०२१ मध्ये ठरलं की तिथे गाड्या जाणार नाहीत, ते शांत उद्यान होईल. मग प्रश्न आला: जमीन ज्यांच्या पैशातून घेतली त्यांचं काय? राज्याने सर्वसाधारण निधीतून २ कोटी ९८ लाख डॉलर वाहनांच्या निधीला परत दिले.

एकाच राज्यातला, एकाच पेटीतला पैसा. एकदा महिन्याच्या महिन्याला विनापरतीचा काढून घेतला, एकदा वाढलेल्या किमतीसह सन्मानाने परत केला. त्या पेटीवर नाव लिहिलेलं नसतं तर दुसरी गोष्ट घडलीच नसती. मोजलेल्या पैशालाच मालक असतो, आणि मालक असलेल्या पैशालाच वकील मिळतो.

पण अशा पेटीत एक ओढही असते, ती सांगायला हवी. गाड्या जितक्या जास्त, पेट्रोल जितकं जास्त, तितका निधी जास्त. म्हणजे जमीन राखणाऱ्या माणसाचा पगार जमीन झिजवणाऱ्या गोष्टीच्या वाढीवर अवलंबून. टीकाकार हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. या ओढीवर कॅलिफोर्नियाने शोधलेला उतारा म्हणजे ती टक्केवारीची वाटणी आणि मातीची मानकं: निधी वाढला तर फाटक बंद करणाऱ्याचाही वाटा वाढेल. उतारा पूर्ण लागू पडतो असं नाही, पण निदान आजाराचं निदान झालेलं आहे.

इतर राज्यांनी आपापले साचे पाडले. अ‍ॅरिझोनाने वार्षिक २५ डॉलरचं डीकल, म्हणजे आपला स्टिकर, काढलं: ७० टक्के रानवाटांच्या निधीला, ३० टक्के महामार्गांना. त्याखेरीज इंधन कराचा ०.५५ टक्का. माँटानात एटीव्हीची नोंदणी एकदाच शुल्क भरून कायमची होते, आणि विक्रीकर मुळातच नाही. त्यामुळे दूरदूरच्या राज्यांतले लोक तिथे कागदावर कंपनी काढून तिच्या नावाने महागड्या गाड्या नोंदवतात. गाडी धुरळा उडवते एकीकडे, आणि शुल्क जमा होतं भलतीकडे. मिनेसोटात तर स्नोमोबाइलच्या निधीतून क्लबांना अनुदान मिळतं आणि ते क्लब, बहुतेक स्वयंसेवकांच्या बळावर, शेतकऱ्यांच्या बांधाबांधावरून परवानग्या मिळवत, हिवाळ्यापुरत्या ३५ हजार किलोमीटरच्या वाटा तयार करतात. बर्फ वितळला की त्या वाटा पुन्हा शेतं होतात.

केंद्राच्या पातळीवर १९९१ च्या कायद्याने हाच विचार उचलला. रस्त्याबाहेर जळलेल्या पेट्रोलवरच्या केंद्रीय कराचा अंदाज बांधून राज्यांना वाटांसाठी पैसा मिळतो: निम्मा सगळ्यांना सारखा, निम्मा त्या-त्या राज्यातल्या अशा इंधनाच्या प्रमाणात. आणि राज्याने तो कसा खर्चायचा? ३० टक्के मोटारींच्या वाटांवर, ३० टक्के बिनमोटारींच्या वाटांवर, ४० टक्के दोघांनी मिळून वापरायच्या वाटांवर. म्हणजे एखादी पायी जाणारी आजी जंगलातल्या ज्या लाकडी पुलावरून ओढा ओलांडते, तो पूल एखाद्या डर्ट बाइकच्या पेट्रोलने बांधलेला असू शकतो. दोघांची गाठ पडलीच तर कदाचित भांडणच होईल!

आपल्याकडे हा प्रश्न दुसऱ्या दाराने आत आला आहे. भारताच्या राज्यघटनेत राज्यांना वाहनांवर कर बसवायचा अधिकार देणारी नोंद आहे ती 'रस्त्यांवर वापरण्यायोग्य' वाहनांची. मग खाणीतल्या अजस्र डंपरचं काय? ओडिशातल्या बोलानी खाणीच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणीच्या आवारातच राबणाऱ्या डंपरवर हा कर बसत नाही. कर रस्त्याच्या वापराचा मोबदला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारात फिरणाऱ्या ३६ वाहनांबाबत न्यायालयाने तेच पुन्हा म्हटलं, आणि कंत्राटदाराला २२ लाख ७१ हजार रुपये परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेतला शेतकरी आणि विशाखापट्टणमचा कंत्राटदार एकाच तर्काने परताव्यापर्यंत पोचले.

फरक पुढे आहे. आपण थांबलो ते 'रस्ता वापरत नाही, तर कर नाही' इथे. 'रस्ता वापरत नाही, पण जमीन वापरतो, तर तिच्यासाठी काही' हे दुसरं वाक्य आपण अजून लिहिलेलं नाही. कोकणातल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या एटीव्ही आता सर्रास दिसतात, सह्याद्रीच्या कच्च्या वाटांवर जीपचे ताफे जातात. त्या जीपवरचा कर राज्याच्या तिजोरीत जातो, पेट्रोलवरचा करही जातो. पण ज्या वाळूत कासव अंडी घालायला येतं त्या वाळूच्या नावाने त्यातला पैसा वेगळा काढणारी पेटी नाही. त्या अंड्यांभोवती कुंपण घालणारे वेळास-आंजर्ले या गावांतले लोक ते काम आपल्या मायेने आणि वनखात्याच्या साथीने करत आले आहेत.

अमेरिकेतल्या त्या पेट्यांसमोर आता एक नवीच अडचण उभी आहे. डर्ट बाइक विजेवर धावू लागल्या आहेत. आवाज नाही, धूर नाही, आणि पेट्रोलही नाही. कॅलिफोर्नियात अशा गाडीलाही स्टिकर लागतो, तिच्याही चाकाने माती उकरली जाते, तिच्यासाठीही फाटकावर माणूस लागतो. पण तिच्या टाकीतून येणारी ती जाड धार मात्र येत नाही. तिच्याकडून मिळतात ते फक्त शुल्काचे डॉलर, दोन वर्षांना पन्नासच्या आसपास, दिवसाला सात सेंट. इतकी वर्षं इंधन कराचा दावा सांगण्यापुरतं असलेलं ते शुल्क आता आपल्या एकट्याच्या बळावर किती कुंपण, किती झुडपं आणि किती पहारेकरी उचलू शकेल, याचा हिशेब त्या राज्यांच्या विधिमंडळांना पहिल्यांदाच मांडावा लागणार आहे.